आजऱ्याचा तांदूळ आणि इंटरनेट



कोल्हापूरच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या कुशींत, हिरण्यकेशी नदीच्या कांठीं आजरा हें गांव वसलें आहे. पूर्वीं इचलकरंजीच्या जहागिरींत मोडणारें हें गांव आज तालुक्याचें ठिकाण आहे. येथील घनसाळ तांदळाची कीर्ति जुनी. दाणा आंखूड, परंतु भात शिजूं लागला कीं त्याचा घमघमाट शेजारच्या घरापर्यंत जातो. ह्या तांदळाच्या निमित्तानें मी आज इंटरनेटविषयीं चार शब्द बोलणार आहें. तांदूळ आणि इंटरनेट ह्यांची सांगड कोठें बसते, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. तथापि एखादें नवें साधन समाजांत काय उलथापालथ घडवितें, तें मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांपेक्षां अशा डोंगराळ तालुक्यांत अधिक स्पष्ट दिसतें.

इंटरनेट म्हणजे जगांतील असंख्य संगणकांस एकमेकांशीं जोडणारें जाळें. आपण पाठविलेला मजकूर, चित्र किंवा आवाज ह्यांचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. मोकळी सांपडेल त्या वाटेनें ते जातात आणि मुक्कामीं पुन्हां जुळविले जातात. केंसासारख्या बारीक कांचतंतूंतून प्रकाशाच्या रूपानें ह्या प्रवासाचा मोठा भाग होतो. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांसाठीं ही सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. तेव्हां ती मोजक्या शहरांपुरती होती. आज ती शेताच्या बांधावर पोंचली आहे.

दूरची बातमी क्षणांत कळणें, हा अनुभव मात्र आपणांस अगदींच नवा नाहीं. १८७० सालीं सुएझमार्गें समुद्रतार मुंबईस पोंचली. आगबोटीच्या टपालानें लंडनची बातमी येण्यास तीन-चार आठवडे लागत. आतां लिव्हरपूलच्या बाजारांतील कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्यास तारेनें कळूं लागला. परंतु खानदेशांतील शेतकऱ्याच्या दारांत तार नव्हती. त्यास भाव कळे तो व्यापारी सांगेल तेवढाच. ती तार १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशांत बंद झाली. पण तिनें शिकविलेला धडा जुना झालेला नाहीं. साधन सर्वांसाठीं असतें. परंतु त्याचें टोंक ज्याच्या हातीं, त्याचा लाभ प्रथम त्यास होतो.

हें टोंक शेतकऱ्याच्या हातीं द्यावें, असा एक प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्यांतच झाला. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोंवतालचीं ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्यानें हातीं घेण्यांत आली. गांवोगांवीं संगणकाचीं केंद्रें उघडलीं. शेतकऱ्यास बाजारभाव, शेतीविषयक सल्ला आणि सरकारी कागदपत्रें गांवांतच मिळावीं, असा तिचा हेतु होता. प्रत्यक्षांत त्या संगणकांचा उपयोग झाला तो मुख्यतः ऊसाच्या हिशेबासाठीं: किती ऊस गेला, वजन किती भरलें, तोडणीची पाळी केव्हां, बिल किती झालें. पुढें २००७ च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाईल व त्यावरील संदेश वापरून पाहिला, आणि तेंच काम कमी खर्चांत होऊं शकतें असें दाखवून दिलें.

ह्या प्रयोगास कोणी अपयश म्हणेल. मला त्यांतून वेगळी गोष्ट दिसते. ऊसाचा हिशेब चालला, कारण त्यामागें सहकारी कारखाना उभा होता, सभासद होते, वजनकांटा होता, आणि हिशेब चुकला तर जाब विचारण्याची जागा होती. इतर हेतूंच्या मागें अशी बांधणी नव्हती. इंटरनेट जें संघटित आहे त्यास बळ देतें. जें विस्कळित आहे त्यास तें आपोआप एकत्र आणीत नाहीं.

आतां आजऱ्याकडे वळूं. ह्या भागांतील कितीतरी घरें एके काळीं मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत. पोस्टमन आला कीं कोणाकडे किती रुपये आले, हें साऱ्या वाडीस ठाऊक होई. आज मुलगा मुंबईहून पैसे धाडतो, आणि २०१६ मध्यें सुरू झालेल्या यूपीआयच्या योगानें ते क्षणार्धांत आईच्या खात्यावर जमा होतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याकडे खेटे घालावे लागत; १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. शेतांतील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावी, अशी ई-पीक पाहणीची योजना १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली.

ह्या सोयी लहान नव्हेत. परंतु दरींतल्या वाडीवर रेंज नसेल, तर नोंद पुरी करण्यासाठीं शेतकऱ्यास टेकाडावर चढावें लागतें. ज्यास मोबाईलवरील अक्षरें नीट वाचतां येत नाहींत, त्यास पुतण्याची नाहीं तर सेवा केंद्राची मनधरणी करावी लागते. मध्यस्थ नाहींसा झाला असें आपण म्हणतों. वास्तविक त्यानें केवळ आपली जागा बदलली आहे.

बाजारांत हा फरक अधिक जाणवतो. आठवड्याच्या बाजारांत तांदूळ घेणारें गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेतें, चोळतें, हुंगतें आणि मग भाव विचारतें. विकणारा कोणत्या गांवचा, हें त्यास ठाऊक असतें. इंटरनेटवरील दुकानांत चित्र दिसतें, भाव दिसतो. वास येत नाहीं. तारेंतून जातें तें केवळ नांव. म्हणून जो तांदूळ आजपर्यंत वासावर ओळखला जात असे, त्यास ह्या बाजारांत नांवावर विसंबावें लागतें; आणि नांव चोरणें वास चोरण्यापेक्षां फार सोपें. दुसरीकडचा आंखूड दाण्याचा स्वस्त तांदूळ पिशवींत भरून तिच्यावर ‘आजरा घनसाळ’ असें छापावयास कितीसा वेळ लागणार?

दुसरीहि एक अडचण आहे. इंटरनेटचें जाळें कोणा एकाच्या मालकीचें नाहीं, हें खरें. परंतु त्यावरील मोठमोठीं दुकानें कंपन्यांचीं आहेत. रस्ता सर्वांचा, पण बाजारपेठ खाजगी, असा हा प्रकार आहे. कोणाचा माल पहिल्या पानावर मांडावयाचा आणि त्यावर दलाली किती घ्यावयाची, हें त्या कंपन्या ठरवितात. चार पोतीं तांदूळ पिकविणारा एकटा शेतकरी अशा पेठेंत गेला, तर त्याचा माल कोणाच्या नजरेस पडण्याची आशा थोडी.

नांवाच्या रक्षणासाठीं कायदा आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालीं झाला आणि सप्टेंबर २००३ मध्यें अंमलांत आला. त्याखालीं २०१६ मध्यें आजरा घनसाळ ह्या तांदळाची नोंद झाली. अशी नोंद एकट्यादुकट्या व्यापाऱ्याच्या मालकीची होत नाहीं. ती उत्पादकांच्या वतीनें होते, आणि त्या प्रदेशांत तें पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव त्यांत दाखल करतां येतें. परंतु कायदा हक्क देतो, पहारा देत नाहीं. पहारा ज्याचें नांव त्यानेंच करावयाचा असतो.

ह्या पहाऱ्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. सुधारलेल्या वाणांपेक्षां घनसाळाचें उत्पन्न कमी, पीक तयार होण्यास अवधि अधिक, आणि रोप उंच वाढत असल्यानें वाऱ्यापावसांत तें लोळण्याची भीति. इतकें सोसून शेतकरी हें भात लावतो तें चार पैसे अधिक मिळतील ह्या आशेनें. ते पैसे जर नांव चोरणाऱ्याच्या खिशांत गेले, तर तो दुसरें वाण लावील. त्यास दोष देतां येणार नाहीं. आणि एकदां घरचें बियाणें मोडलें, कीं घनसाळाचें चित्र तेवढें इंटरनेटवर राहील, शेतांत घनसाळ असणार नाहीं.

मग करावें काय? इंटरनेटकडे पाठ फिरविणें हा उपाय नव्हे. वारणेचा धडा आजऱ्यानें गिरवावा, इतकेंच मी म्हणेन. शेतकऱ्यांनीं मंडळी करून आपला तांदूळ एकत्र भरडावा. प्रत्येक पिशवीवर गांव, हंगाम आणि अधिकृत वापरकर्त्याची नोंद छापावी. आणि तीच नोंद इंटरनेटवर कोणासहि पडताळून पाहतां येईल अशी ठेवावी. वास पाठवितां येत नाहीं, पण हिशेब पाठवितां येतो. खोटें नांव ज्या साधनानें पसरतें, त्याच साधनानें खऱ्याची खातरजमाहि करतां येते. मात्र त्यासाठीं कोणीतरी वही नेटकी ठेविली पाहिजे.

शहरांतील कुटुंबांकडेहि ह्यांत एक कर्तव्य येतें. घरबसल्या तांदूळ मागवितांना आपण चित्र आणि भाव एवढेंच पाहतों. त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे: हा कोणत्या गांवचा, कोणत्या हंगामाचा, आणि विकणाऱ्याची नोंद कोणती? कमी उत्पन्नाचें भात फार स्वस्त मिळूं लागलें, तर आनंद मानण्यापूर्वीं शंका घ्यावी. हीच सावधगिरी माणसांच्या बाबतींतहि हवी. बँकेचें किंवा पोलिसांचें नांव सांगून फोनवर पैसे उकळणारा भामटा आणि पिशवीवर खोटें नांव छापणारा व्यापारी, दोघांचा धंदा एकच. अशी फसवणूक झाल्यास विलंब न करतां १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितकें लौकर कळवावें, तितकी रक्कम मध्येंच अडविली जाण्याची आशा अधिक.

पूर्वीं पत ही गांवाच्या वेशींत राहत असे, कारण माणूस ओळखीचा होता. आतां व्यवहार वेशीबाहेर गेला आहे, आणि ओळख मात्र मागेंच राहिली आहे. ती ओळख नव्या साधनांतून पुन्हां उभी करणें, हें काम यंत्राचें नव्हे, तुमचें-आमचें आहे. आजऱ्याच्या शेतकऱ्यानें आपली वही नीट ठेवावी, आणि आपण ती उघडून पाहण्याची तसदी घ्यावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.