अजिंठ्याची भिंत आणि आपल्या हॉलची भिंत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



या हॉलमध्ये बोलायला उभी राहिले की अजूनही वाटतं, मागून सर ओरडतील, "आवाज!"

नववीच्या सहलीतल्या एसटीतल्या भेंड्या सगळ्यांना आठवत असतील. मला आठवतो अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला अंधार. मामाचा हॉटशॉट कॅमेरा मागून आणला होता. हातात कमळ धरलेल्या पद्मपाणीसमोर मी फ्लॅश मारणार, तोच रखवालदाराने हात आडवा घातला. फ्लॅशशिवाय काढलेले सहाही फोटो काळे आले. रोल फुकट गेला म्हणून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन पुन्हा गेले आणि त्या काळ्या फोटोंमुळे वाचत सुटले. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि रंगवलेल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून आला. (कर्कटकाने बाकं कोरणाऱ्यांनी उगाच खाली बघू नये!) पुढे रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं तेच काम पुन्हा केलं. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत पुष्कळशा नष्ट झाल्या. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर लावलेलं वॉर्निशही नंतर पिवळं पडलं.

मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे नव्या मुलांना आधी सांगतात, सगळ्या प्रती एकाच कपाटात ठेवू नका. अजिंठ्याने तो धडा दोनदा दिला.

माझ्या काळ्या फोटोंचं उत्तर मिळालं ते बिनॉय बहल यांच्या कामात. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी झगझगीत दिवे न लावता, आहे त्या मंद उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून ही चित्रं टिपली. डोळ्याला अंधारात जे दिसत नाही, ते कॅमेरा थेंबाथेंबाने साठवत जातो. भिंतीला धक्का नाही आणि रंग मात्र हाती. फ्लॅश नव्हे, धीर कमी पडला होता माझा!

आता आपल्या भिंतीकडे येते. चित्रकलेच्या सरांनी याच हॉलमध्ये रंगवलेला कुलाबा किल्ला, शिडाच्या होड्या, मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी... खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाळ्यातल्या ओलीने पोपडे धरले आणि दुरुस्तीत त्यावर चुना बसला. पूर्ण चित्राचा एकही फोटो कोणाकडे नाही. ग्रुपवर विचारलं तेव्हा निरोपसमारंभाचे फोटो आले. सगळ्यांत आपणच दात काढून पुढे उभे आणि चित्र आपल्या मागे झाकलेलं!

पण प्रत्येक बॅचची डोकी वेगळ्या जागी आहेत. एका फोटोत शीड दिसतं, दुसऱ्यात बुरूज. हे तुकडे संगणकावर जुळवता येतात. म्हणून एकच मागणं. घरचे अल्बम उघडा. फोटो जसा आहे तसा स्कॅन करा, चेहरे उजळू नका, मागे साल आणि नावं लिहा. प्रती तीन ठिकाणी राहतील, त्यातली एक शाळेत.

सर पहिल्या रांगेत बसलेत. सकाळी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "जे मिळणार नाही ते तू मनाने रंगवू नकोस हं."

नाही रंगवणार, सर. तेवढी जागा कोरी ठेवीन.