सात दिवसांनंतर कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीतील कॉलेजच्या मुलामुलींच्या प्रकल्प नियोजन बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीतल्या मुलामुलींनी एक सेवेचा प्रकल्प स्वतः आखायचा आणि खर्च सोसायटीने उचलायचा, असं सर्वसाधारण सभेत ठरलं. त्यावर दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मी पडलो बँकेतला माणूस. लोकांचे प्रकल्प अहवाल वाचण्यात आयुष्य गेलं. तेव्हा बोलणं जरा हिशोबी होईल, सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी बरेच जण राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा विद्यार्थी होते ४० हजार. बहात्तरच्या दुष्काळानंतर १९७३ मध्ये शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा होता. आज तुम्हाला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. शिबिर छान होतं, समारोपाला पाहुणे येतात, फोटो निघतात. माझा प्रश्न आठव्या दिवसाचा आहे. आठव्या दिवशी ते काम कोण बघणार?

फळ्यावर तुम्ही दोन कामं लिहिली आहेत. पहिलं, मागच्या मोकळ्या जागेत शंभर झाडं. उत्तम! पण आपला खान्देश म्हणजे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. जुलैत झाड कोणीही लावतो. फेब्रुवारी ते जून, वीस आठवडे धरा. एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी. शंभर रोपांना आठवड्याला २ हजार लिटर, वीस आठवड्यांत ४० हजार. म्हणजे दहा हजारी चार टँकर! हे पाणी कुठून आणणार आणि परीक्षेच्या दिवसांत घालणार कोण? उत्तर नसेल तर पंचवीसच झाडं लावा, पण जगवा.

दुसरं, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका. हे काम मला फार आवडलं. मात्र वेळ ठरवण्याआधी त्या मुलांच्या आयांना विचारा. संध्याकाळी धाकट्याला सांभाळायचं काम त्या मुलांकडेच असेल, तर तुमचा वर्ग रिकामा राहील आणि आपण म्हणू, या लोकांना शिकायचंच नाही. बांधकाम संपलं की कुटुंबं दुसरीकडे जातील, तेही गृहीत धरा. मूल इथे सहाच महिने असेल तर तेवढ्यात त्याला वाचता आलं पाहिजे, असं ध्येय ठेवा.

नेतृत्व म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं. मुलांनी खोली झाडली नाही तर गुरुजी स्वतः झाडू घेत. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. लक्षात घ्या, दैनिक! रोज! सेवेची खरी परीक्षा या 'रोज' शब्दात आहे.

दुसरं उदाहरण धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावातच राहिले. उजाड झालेलं जंगल राखायला गावाने नव्वदच्या दशकात सुरुवात केली. कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड ठरवला, राखणीच्या पाळ्या लावल्या. आज तिथे सुमारे अकराशे एकर जंगल उभं आहे. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे नुसती झाडं लावून कोणी घरी गेलं नाही. राखण कोणी करायची हे गावाने बसून ठरवलं, म्हणून जंगल टिकलं.

बँकेत आम्ही कर्ज देताना चार गोष्टी बघायचो, त्याच तुम्ही कागदावर लिहा. गरज कोणाची आहे आणि त्याला विचारलं का? खर्च किती? रोजचं काम कोणाच्या नावावर? आणि तो माणूस नसेल तेव्हा कोण? चौथ्या रकान्यात नाव नसेल तर अर्ज नामंजूर!

आता मोठ्यांसाठी थोडं. आपण पोरांना गणपतीत खुर्च्या उचलायला बोलावतो आणि निर्णय मात्र कमिटीत घेतो. एवढ्याने नेतृत्व येत नाही, भाऊ. प्रकल्पाची रक्कम मुलांच्या हाती द्या. हिशोबाची वही त्यांना लिहू द्या, बिलं त्यांना जमा करू द्या. खजिनदारांनी दर महिन्याला फक्त तपासावं. दर वेळी 'आमच्या काळी' म्हणून मध्ये पडू नये. हे मी स्वतःलाही सांगतो आहे. एखादा खर्च चुकेल, चुकू द्या. पंचवीस वर्षांपूर्वी ही सोसायटी उभी करताना आपल्यापैकी तरी कोणाला पोटनियम पाठ होते?

मुलांनो, उद्घाटनाला मला बोलावू नका. पुढच्या जूनमध्ये बोलवा. किती झाडं जगली आणि किती मुलं वाचायला लागली, हे दोन आकडे वार्षिक सभेत वाचून दाखवा. आकडे कमी आले तरी खरे वाचा. त्या दिवशी पहिली टाळी माझी असेल.