कॅमेरा-फोनची पारख

नवा कॅमेरा-फोन बाजारात आला, की त्याच्याभोवती हौशी मंडळींची चर्चा लगेच सुरू होते. सेन्सर केवढा आहे, संध्याकाळी पळत्या मुलाचा फोटो हलतो का, आकाशाचा निळा रंग खरा आहे की चढवलेला, मागच्या वर्षीच्या फोनपेक्षा यात काय निराळं आहे, असे प्रश्न दिवसचे दिवस चघळले जातात. एकच झाड चार फोनांनी टिपायचं आणि त्याची पानं मोठी करकरून पाहायची, हा प्रकार बाहेरून पाहणाऱ्याला रिकामपणाचा उद्योग वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. ही मंडळी जो कीस पाडतात, ते ग्राहकाच्या हिताचं काम आहे. कंपनी जाहिरात करते, दुकानदार विकतो, आपण हप्ते भरतो. या साखळीत फोनबद्दल जे सांगितलं गेलं ते ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. ती हौशी माणूस आपण होऊन घेतो.

हे काम कसं होतं ते पाहण्यासाठी २०१२ साल आठवावं लागेल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या मोबाईल मेळाव्यात नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ नावाचा फोन दाखवला. त्याचा कॅमेरा ४१ मेगापिक्सेलचा होता. त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असलेला आयफोन ४एस ८ मेगापिक्सेलवर होता, तेव्हा ४१ हा आकडा ऐकूनच लोक थक्क झाले. काहींनी ती निव्वळ धूळफेक मानली, कारण इवल्याशा सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी उजेड येतो आणि फोटो फाटतो, हे तोवर बऱ्याच जणांना ठाऊक झालं होतं. पण ज्यांनी तपशील वाचला त्यांच्या लक्षात आलं, की खरी गोष्ट आकड्यात नव्हतीच. या फोनचा सेन्सर आयफोनच्या सेन्सरच्या पाचपटीहून मोठा होता आणि नेहमीच्या वापरात तो फोन ४१ मेगापिक्सेलचा फोटो देतच नव्हता. तो देत होता ५ मेगापिक्सेलचा. शेजारशेजारच्या सुमारे सात पिक्सेलनी टिपलेलं एकत्र करून त्यातून एक पिक्सेल तयार व्हायचा. एका दुकानात भाव विचारला तर फसायला होतं, सात दुकानांत विचारला की खरा भाव कळतो, तसंच हे. एखाद्या पिक्सेलने चुकून उजेड कमीजास्त नोंदवला, तर बाकीचे सहा ती चूक झाकून घेतात. म्हणून त्याचे ५ मेगापिक्सेलचे फोटो इतके स्वच्छ यायचे, की छोट्या कॅमेऱ्यांशी त्यांची तुलना होऊ लागली. फोन जाड होता, कॅमेऱ्याशी तर जवळजवळ १८ मिलिमीटर. सिंबियन ही त्याची यंत्रणाही तेव्हा उतरणीला लागली होती, त्यामुळे तो फार खपला नाही. पण मोठा सेन्सर घ्या, भरपूर पिक्सेल वापरा आणि शेवटी लहान पण नितळ फोटो द्या, हे त्याचं सूत्र टिकलं. ते लोकांना समजेल अशा भाषेत उलगडून सांगण्यात हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. आजही ‘एक इंची’ म्हणून मिरवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, त्याची कुठलीच बाजू इंचभर नसते, हे ग्राहकाला जाहिरात सांगत नाही. ही मंडळी सांगतात.

समजावून सांगणं हा या कामाचा एक भाग झाला. दुसरा, मला अधिक मोलाचा वाटणारा भाग म्हणजे पकडणं. त्याच २०१२ च्या सप्टेंबरात नोकियाने ल्युमिया ९२० हा फोन आणला. हात हलला तरी चित्र स्थिर राहतं, हे दाखवणारी एक चित्रफीत सोबत होती. त्यात एक तरुणी सायकलवरून जाते आहे आणि जणू तिचा सोबती दुसऱ्या सायकलवरून तिला फोनने टिपतो आहे. बारकाईने पाहणाऱ्यांना मागून सरकणाऱ्या एका खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसलं. त्यात सायकल नव्हतीच. होती एक पांढरी व्हॅन आणि तिच्या दारात मोठा कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस. ते चित्रण फोनने केलेलंच नव्हतं. नोकियाला जाहीर माफी मागावी लागली. २०१६ साली ह्युआवेने आपल्या पी९ फोनच्या कॅमेऱ्याचं कौतुक करताना एका तरुणीचं सुंदर छायाचित्र प्रसिद्ध केलं. फोटोच्या फाईलमध्ये तो कशाने काढला याची नोंद आपोआप राहते. ती उघडून पाहिल्यावर कॅननच्या महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्याचं नाव निघालं. तिथेही माफी आली. या दोन्ही वेळी कुठल्या सरकारी तपासनिसाने नव्हे, तर डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या लोकांनी खरं-खोटं उघड केलं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आक्षेप असा, की कॅमेऱ्याचा फोटो ‘खरा’ कधी होता? फिल्मच्या काळात कोणती फिल्म घ्यायची, ती किती वेळ धुवायची, प्रिंट काढताना कुठला भाग गडद करायचा, हे माणूसच ठरवायचा. मग फोनच्या गणिताने सावल्या उजळल्या तर बिघडलं कुठे? मला हे बरंचसं मान्य आहे. २०१८ साली गुगलने आपल्या ‘पिक्सेल’ नावाच्या फोनमध्ये रात्रीच्या फोटोंची जी सोय आणली, तीत फोन एकापाठोपाठ अनेक फोटो टिपतो आणि ते एकमेकांवर जुळवून अंधारातलं दृश्य उजळतो. ते गणितच आहे, पण त्यातला प्रत्येक किरण समोरच्या दृश्यातूनच आलेला असतो. २०२३ च्या मार्चमध्ये मात्र एका हौशी माणसाने निराळीच गोष्ट दाखवली. त्याने चंद्राचं एक चित्र घेऊन ते १७० बाय १७० पिक्सेलइतकं लहान केलं आणि त्यावर आणखी धूसरपणा चढवला. आता त्यात विवरं, डाग काहीच स्पष्ट उरलं नव्हतं. ते चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याने खोलीतले दिवे मालवले आणि लांबून, झूम करून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे बारकावे उमटले. पडद्यावर जे नव्हतंच ते फोटोत आलं. सॅमसंगने मग सविस्तर खुलासा केला, की फोन चंद्र ओळखतो आणि शिकवून ठेवलेल्या माहितीच्या आधारे त्याचे तपशील वाढवतो, आणि ही सोय बंद करता येते. आलेला उजेड नीट मांडणं आणि न आलेला उजेड आपल्या पदरचा घालणं, यांत मला फरक वाटतो. दुसऱ्या प्रकारात फोनने ते फोटोसोबत सांगायला हवं. चंद्राच्या बाबतीत कोणाचं नुकसान नाही. पण शेतकरी विम्यासाठी पिकाचा फोटो देतो, रुग्ण त्वचेवरच्या डागाचा फोटो डॉक्टरांना पाठवतो, तिथे फोनने आपल्या मनाने तपशील भरलेले चालणार नाहीत. पडद्यावरचा तो धूसर चंद्र म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप साधा आहे. आपले फोटो व्हॉट्सॲपवर जातात, तिथे ते दाबून लहान होतात, मग पानांच्या शिरा मोजायच्या कशाला? आणि लाखभर रुपयांच्या फोनची चर्चा सामान्य माणसाने का ऐकावी? याचं उत्तर बाजारानेच दिलं आहे. महागड्या फोनवर ज्याची चिकित्सा होते ते थोड्या वर्षांत स्वस्त फोनमध्ये उतरतं. २०१८ च्या जुलैत सोनीने ४८ मेगापिक्सेलचा एक सेन्सर जाहीर केला. चार पिक्सेल एकत्र करून तो १२ मेगापिक्सेलचा फोटो देई. सूत्र पुन्हा ८०८चंच. पुढच्या फेब्रुवारीत हाच सेन्सर भारतात रेडमी नोट ७ प्रो या १३,९९९ रुपयांपासून मिळणाऱ्या फोनमध्ये आला. खोक्यावरचा ४८ आकडा पाहून फोन घेणाऱ्याला नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच येणार आणि तोच चांगला असणार, हे कळण्याची गरज लाखभराचा फोन घेणाऱ्यापेक्षा जास्त होती, कारण त्याचे पैसे जास्त कष्टाचे असतात.

या मंडळींबद्दल माझीही एक तक्रार आहे. आवडत्या कंपनीची बाजू घेऊन भांडण्यात त्यांची पुष्कळ शक्ती खर्च होते, आणि त्यांच्या चाचण्या बहुधा इमारती, फुलं आणि सूर्यास्त यांवरच होतात. आपल्याकडे फोनने सर्वात जास्त टिपली जातात ती माणसं, आणि तीही वाईट उजेडात. त्यात फोन बनवणाऱ्यांचा कल चेहरा गोरा आणि गुळगुळीत करण्याकडे. गुगलने २०२० मध्ये आपल्या नव्या पिक्सेल फोनांत चेहरा आपोआप सुधारण्याची सोय मुळातच बंद ठेवली, आणि २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत गडद कांतीचे रंग खरे यावेत म्हणून मुद्दाम काम केलं. तो दावा आणि बाकीच्या कंपन्यांचे दावेही आपल्या माणसांवर तपासले गेले पाहिजेत. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाईटखाली, हळदीच्या वेळी, सावळ्या नवरीचा आणि तिच्या शेजारी बसलेल्या उजळ करवलीचा एकत्र फोटो घ्यावा. सगळ्या सुधारणा एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून. नवरीची कांती तिच्याच रंगाची राहिली का, हळदीचा पिवळा नारिंगी झाला का, करवलीचा चेहरा पांढराफटक पडला का, हे नोंदवावं आणि फोनच्या किमतीसह मराठीत लिहावं. पुढचा कॅमेरा-फोन येईल तेव्हा मला पहिल्यांदा हीच चाचणी वाचायला आवडेल.