समोरच्या बाकावरचे आजोबा

पुणे-लोणावळा लोकलमध्ये समोरच्या प्रवाशाचं आयुष्य मनात रचायची मला जुनी सवय आहे. परवा समोर टिळा लावलेले एक आजोबा होते. सारखे माझ्या दाढीकडे बघत होते. मी ठरवूनच टाकलं, यांना माझा संशय येतोय. आकुर्डी गेल्यावर ते म्हणाले, "अहो, तळेगाव आलं की सांगाल का? चष्मा घरी राहिला, पाट्या दिसत नाहीत."

म्हणजे त्यांना माझी दाढी दिसतच नव्हती!

सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत अतिसंशयाला मनाई आहे. ती आपण इतरांना ऐकवतो. लोक आपल्याबद्दल ग्रह करून घेतात, ही तक्रार खरीच आहे. पण त्या दिवशी तो मी केला होता. कल्पना जरूर करा. निकाल देण्याआधी एकदा बोला.