शेळी, बचत गट आणि आपल्या माय-बहिणी
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला महिला मंडळाने बोलावं असा निरोप समितीकडून आला, तेव्हा आम्ही जरा घाबरलोच. कशावर बोलायचं, असं विचारलं तर उत्तर आलं, "तुमच्या शेळ्यांवर बोला." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाऊन विचार केला, की यात हसण्यासारखं काय आहे? आमच्यातल्या कितीतरी जणींच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे शेळीनेच दिले आहेत. म्हणून आज खरोखरच शेळीवर बोलणार आहोत.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास, आणि तोही नेमाने पडेल असं नाही. सांगलीत तीच तऱ्हा. कृष्णाकाठी ऊस, आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूरला पिढ्यान्‌पिढ्या टँकरची नाहीतर ढगाची वाट. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आता बऱ्याच गावांत पोचलं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने त्या पाण्याचं काय करायचं?

या दुष्काळाशी आपलं नातं जुनं आहे. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, ती हकीगत आपण सगळ्यांनी वाचली किंवा ऐकली आहे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, ती मुलांनीच हाकली. रस्त्यात डबा होता, पण पाणी कुणी देईना. आपल्याला तो विटाळ आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कशासाठी होते? तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदायला काढला होता, आणि वडील तिथे खजिनदार होते. म्हणजे वरून दुष्काळ आणि खालून जात. या मुलखातल्या आपल्या माणसाला दोन्हीकडून तहान होती.

आणि जनावराशी आपलं नातं काय होतं? हे बोलायला जीभ अडखळते, पण नव्या पोरांना कळलं पाहिजे. गावातलं जनावर जिवंत असेपर्यंत ते पाटलाचं, आणि मेलं की आपलं! ते ओढायचं, सोलायचं, वाटून घ्यायचं. आटपाडीचे शंकरराव खरात पुढे कुलगुरू झाले, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण त्यांचा जन्म तराळाच्या घरातला. 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचलं त्यांना गावकीचं काम काय असतं ते सांगायला नको. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १९२८ साली वतनाविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून, गावाचा बहिष्कार सोसून मेलेलं ढोर सोडलं. पण जिवंत जनावर आपल्या दावणीला आलं का? आज आम्हाला हाच प्रश्न विचारायचा आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर आम्हाला म्हसवडला सापडलं. ती हकीगत आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवली होती, आज सर्वांना सांगतो.

चेतना गाला सिन्हा या मुंबईत वाढलेल्या. जयप्रकाशजींच्या चळवळीतून आल्या, लग्नानंतर माण तालुक्यात म्हसवडला राहिल्या आणि तिथल्याच झाल्या. १९९६ साली त्यांच्याकडे कांताबाई नावाची लोहारकाम करणारी बाई आली. रस्त्याकडेला पालात राहायची. तिला पैसे साठवायचे होते, का तर पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. पण इतकी लहान रक्कम घ्यायला बँक तयार नव्हती. मग चेतनाताईंनी ठरवलं की बायकांचीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण अर्जावर अंगठे होते.

कुणी म्हणेल, संपलं. पण त्या बायका रडत बसल्या नाहीत. दिवसभर रोजगार करून रात्री अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय करायला सांगा, बघू आधी कोण सांगतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २०१८ साली दावोसला जगभरचे धनको आणि पुढारी जमले, त्या परिषदेच्या सहअध्यक्षांत म्हसवडच्या चेतनाताई होत्या.

पण आमच्या मनाला जास्त लागली ती केराबाईंची गोष्ट. २०१२-१३ च्या दुष्काळात केराबाई बँकेत दागिने गहाण टाकायला आल्या. कशाला, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, जनावरांना चारा नाही, पाणी नाही, ते विकत घ्यायचंय. आणि पुढे त्यांनी उलटा सवाल केला, की चारा-पाण्याविना सगळं गाव उठून गेलं तर तुम्ही बँक कुणासाठी चालवणार? त्या एका सवालावर जनावरांची छावणी सुरू झाली. पाऊस येईना, म्हणून छावणी दीड वर्ष चालली. केराबाई छावणीत फिरून गाणी म्हणायच्या, लोकांना धीर द्यायच्या. पाऊस पडला, छावणी उठली, तर त्या माणदेशीच्या रेडिओवर गेल्या, आम्हाला कार्यक्रम द्या म्हणाल्या. लिहिता-वाचता येत नाही, मग कसं करणार? तर म्हणे, गाता तर येतं ना! आणि त्यांनी तो कार्यक्रम केलाही.

बँक चेतनाताईंनी काढली हे खरं, पण बँकेने काय करायला हवं ते केराबाईंनी सांगितलं. साहेब, संस्था, योजना हे सगळं हवंच. पण आपल्याला काय लागतं ते आपण तोंड उघडून सांगितलं पाहिजे.

सांगली जिल्ह्यातही अशी माणसं झाली. कासेगावच्या इंदूताई पाटणकरांनी नवऱ्याने टाकलेल्या बायकांना एकत्र केलं, त्यांच्या हक्कासाठी चळवळ उभी केली. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं आणि एक नवा विचार मांडला, की पाणी नुसतं जमिनीच्या मापाने वाटू नका, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्या. भूमिहीन म्हणजे कोण, हे या मंडपात सांगायची गरज नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती फार अभिमानाची नाही, पण लपवणार नाही.

आमच्या गटात दहा जणी. आधी महिन्याला थोडी-थोडी बचत केली, मग बँकेचं कर्ज काढून प्रत्येकीला दोन शेळ्या घेतल्या. घाई झाली. बाजारात गेलो, रंग बघितला, कास बघितली, घेऊन आलो. लस टोचायची हे कुणाच्या डोक्यातच नाही. विमा काढायचा म्हटल्यावर 'कशाला उगाच पैसे' असं आम्हीच म्हणालो. पहिला जोराचा पाऊस झाला, कोवळं गवत फुटलं, शेळ्या पोटभर चरल्या, आणि आठ दिवसांत पाच शेळ्या गेल्या. संध्याकाळी बरी दिसणारी शेळी सकाळी मेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, हा आंत्रविषार, पावसाळ्याआधी लस दिली असती तर वाचल्या असत्या. दोष कुणाला देणार? दोष आमचाच.

आमच्यातल्या एकीच्या दोन्ही शेळ्या गेल्या. ती बैठकीला यायची बंद झाली. हप्ता भरता येईना म्हणून लाजेने आम्हाला बघून गल्ली बदलायची. घरात बोलणी बसत होती ती वेगळीच. गटात दोन मतं पडली. कुणी म्हणालं, दंड लावा, नियम म्हणजे नियम. कुणी म्हणालं, तिच्या जागी आपण असतो तर? त्या रात्री बैठक उशिरापर्यंत चालली. शेवटी ठरलं, की ज्यांच्या शेळ्या वाचल्या त्यांनी पहिलं पाट तिला द्यायचं, आणि तोवर तिचा हप्ता गटाच्या बचतीतून जाईल. पाच महिन्यांनी एकीची शेळी व्याली, जुळी झाली. पाट पिणं तोडण्याजोगं झालं तसं आम्ही ते तिच्या दारात नेऊन बांधलं. ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन तिने सतरंजी घातली होती. गटाने आमच्यासाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर आम्ही एवढंच सांगतो.

ठेच लागल्यावर जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध चुकवायचं नाही. पीपीआरची लस डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यायची. गोठ्याची जमीन कोरडी पाहिजे, ओलीत करडं टिकत नाहीत. करडू जन्मलं की तासाच्या आत त्याला चीक पाजायचा. विमा काढायचा आणि कानातला बिल्ला सांभाळायचा, बिल्ला हरवला तर भरपाईला अडचण येते. बोकड कधी नजरेच्या अंदाजावर विकायचा नाही, काट्यावर तोलूनच द्यायचा. आम्ही काटा आणला तेव्हा व्यापारी नाराज झाला, त्यावरूनच आधी किती जात होतं ते कळलं.

शिकायला लांब जायला नको. मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र माणमध्ये दहिवडीला आणि आपल्या सांगली जिल्ह्यात रांजणीला आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्या-मेंढ्यांच्या सुधारणेवर मोठं काम केलं आहे, तिथे शेळीतलं कृत्रिम रेतन होतं. आणि माणदेशीने गावातल्या बायकांनाच ते काम शिकवून शेळ्यांच्या डॉक्टर केलं. गावोगाव फिरणाऱ्या पशुसखीही तयार झाल्या आहेत. आपल्या वस्तीतली एखादी दहावी झालेली मुलगी पशुसखी का होऊ नये? दहा शेळ्या आणि एक बोकड अशी सरकारी योजना निघाली, तिच्यात अनुसूचित जातीसाठी पंचाहत्तर टक्के अनुदान ठेवलेलं. पण कागद बायकोच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या खिशात, असं होणार असेल तर ते अनुदान बाईला मिळालं असं कसं म्हणायचं?

इथे पुरुष मंडळी बसली आहेत म्हणून मुद्दाम बोलतो. आमच्या एका बहिणीची गाभण शेळी तिला न विचारता विकली गेली. ती कामावरून आली तर दावं मोकळं. तेव्हापासून गटाचा नियम केला, की जिच्या नावावर शेळी तिनेच विकायची, पैसे तिच्याच खात्यात जायचे, आणि विकण्याआधी गटाला सांगायचं. सुरुवातीला घरोघरी कुरबुर झाली. आता तेच घरधनी म्हणतात, गटामुळे पैसा टिकला.

दुसरा नियम त्याहून कडक आहे. शेळीमागे मुलीला पाठवायचं नाही. शाळा बुडवून मुलगी राखायला गेली तर त्या घराला पुढचं कर्ज नाही. त्यापेक्षा परसात शेवरी लावा, सुबाभूळ लावा, दशरथ घास लावा, शेळीला जागेवर चारा द्या. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की समाज किती पुढे गेला हे ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आईच्या शेळ्या वाढल्या आणि लेकीची शाळा सुटली, तर त्या मापाने आपण मागेच गेलो.

समितीकडे आमच्या दोन मागण्या आहेत. एक, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर तासभर विहाराचं सभागृह बचत गटाला मिळावं. उघड्यावर, कुणाच्या तरी ओट्यावर बसून हिशोब करताना आमची वही दोनदा भिजली आहे. दोन, दरवर्षी मे महिन्यात पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून विहाराच्या आवारात लसीकरण ठेवावं. शेळी कुणाचीही असो, वस्तीतली असो की गावातली, सगळ्यांना आवार मोकळं असावं. ज्या गावाने एकेकाळी फक्त मेलेलं जनावर आपल्याकडे धाडलं, त्या गावाने आपली जिवंत जनावरं घेऊन आपल्या दारी यावं, आणि आपण त्यांना आधी प्यायला पाणी द्यावं, एवढीच आमची इच्छा आहे.

 

जयभीम! जय भारत!