गाडी रात्रीतून का बसते?

आचोळ्याहून बोलतेय.

गॅसचा सिलिंडर बदलला की आपण जोडावर साबणाचं पाणी लावून बघतो. बुडबुडे आले की समजायचं, गळतंय. काडी पेटवून बघायचं नाही, वास आला तर १९०६ ला फोन करायचा, हे तर आपल्याला पाठ आहे. तेच साबणाचं पाणी मोठ्या गाडीलाही चालतं.

आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून जुनी परदेशी फोर-व्हील ड्राइव्ह घेतली. यजमान ती लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने देतात. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत, हवेचे फुगे आहेत. शिवनेरी बसमध्ये धक्के कमी लागतात ना, ते अशाच फुग्यांमुळे. चाकापाशी जाड रबराची पिशवी असते आणि कॉम्प्रेसर नळीतून तिच्यात हवा भरतो.

तर ही गाडी रोज सकाळी मागून डावीकडे बसलेली. गॅरेजवाल्याने सांगितलं, चारही फुगे बदला. आकडा ऐकून ताईंना पुढचे सगळे हप्ते दिसायला लागले. एक कोपरा बसतोय तर चार फुगे कशाला, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी शिवणकामाची टेप घेतली. गाडी सपाट जागी पूर्ण उंचीवर आणून बंद केली आणि चारही चाकांवरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची वहीत लिहिली. सकाळी परत मोजली. जो कोपरा उतरला, तिथे बाटलीने साबणाचं पाणी मारलं: फुग्याच्या घड्यांवर, नळीवर, नळी जिथे आत जाते त्या जोडावर. बुडबुडे जोडापाशी आले. फुगा ठणठणीत होता, नळीचं टोक तेवढं घासलं होतं.

आता नीट ऐका. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली डोकं, हात काही घालायचं नाही. हवा गेली की गाडी क्षणात खाली येते. नुसत्या जॅकवरही विसंबायचं नाही, चेसिसखाली भक्कम स्टँड हवेत. पाणीसुद्धा बाहेर बसून, चाकाच्या कमानीतूनच मारायचं. आणि आतली हवा सोडल्याशिवाय जोड उघडायचा नाही, नळी उसळून डोळ्याला लागते. ताईंनी म्हणूनच पुढचं काम ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतलं. त्याने हवा सोडली, नळीचं खराब टोक धारदार पात्याने सरळ कापलं आणि पुन्हा बसवलं. नळीला थोडी ढील होती म्हणून जमलं. नसती तर नवीन नळी लागली असती.

रबराला घडीत चिरा पडल्या असतील तर मात्र फुगा बदलायचाच. त्यावर पंक्चरचं ठिगळ टिकत नाही, कारण ती घडी सारखी उघडमीट होते. आणि गळती चालवून घेऊ नका. कमी पडलेली हवा भरायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. तो खर्च नळीच्या कितीतरी पट.

कोणी जुनी अशी गाडी घेणार असाल तर ती रात्रभर उभी राहिल्यावर, सुरू करण्याआधी बघा. मालकाने तुम्ही पोचण्याआधीच सुरू करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत जा.