आधी अडवा, मग ठोसा

कराटे म्हटलं की आपल्याला कौलं फोडणारे हातच आठवतात. पण 1901 मध्ये आन्को इतोसू यांनी ओकिनावातल्या प्राथमिक शाळेत कराटे आणलं, ते मुलांच्या अंगात बळ यावं म्हणून. शाळकरी मुलांसाठी त्यांनी ‘पिनान’ नावाचे पाच काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, बसवले.

या पाचांपैकी शोतोकान शैलीतला पहिला काताच बघा. डावीकडे वळायचं, पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ ठेवायचा आणि हात खाली झटकून लाथ अडवायची. मग एक पाऊल पुढे टाकून ठोसा. नंतर जवळजवळ हेच उजवीकडे. तोल, डाव्या-उजव्या हाताचा मेळ, क्रम लक्षात ठेवणं, सगळं एकदमच! मूल दमतं, कंटाळतंही. तरी पुन्हा तेच करायचं. आणि पाचही काता सुरू होतात बचावाने, हल्ल्याने नाही.

मुलाला कराटेला घालायचं असेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी फी घेऊन नवा पट्टा बांधणारे वर्ग, माझ्या मते, टाळलेलेच बरे. नाव घालण्याआधी तासभर बसून बघा: सर पायांची ठेवण सुधारतात का, लहानग्याला जोडीला कोणाला देतात, आणि चुकणाऱ्या मुलाशी कसं बोलतात.